जुन्या वास्तूंचे पहिले फोटो : अंबरनाथ, अजिंठा आणि माया शहरं



इतिहासाची साधनं तीन प्रकारची असतात : भौतिक, लिखित आणि मौखिक. मुलं हे पाठ करतात आणि पेपरात बरोबर लिहितातही. पण त्याच पाठात लेण्याचा किंवा देवळाचा जो फोटो छापलेला असतो, तोसुद्धा एक साधन आहे, हे सांगायचं बहुधा राहून जातं. तो फोटो कोणी काढला, कधी काढला, कशासाठी काढला? त्यात काय आलं आणि काय सुटलं? हे प्रश्न मुलांना विचारून पाहा. चौथी-पाचवीची मुलं यावर फार छान बोलतात, कारण फोटो ही त्यांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट आहे.

आज आपण जुन्या वास्तूंचे पहिलेवहिले फोटो कसे काढले गेले ते पाहू. सुरुवात आपल्या ठाणे जिल्ह्यातून करू, मग अजिंठ्याला जाऊ आणि मधे थोडं मेक्सिकोच्या जंगलातही डोकावू, कारण तिथे त्याच काळात तीच खटपट चालली होती. या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. फोटो एकटा पुरावा होत नाही. त्याच्यासोबत नोंद लागते, आणि त्याची दुसरी प्रत कुठेतरी जपलेली असावी लागते.

आपल्या शेजारचं देऊळ

वर्तकनगरहून रिक्षाने ठाणे स्टेशनला यायचं आणि अंबरनाथ किंवा बदलापूर लोकल पकडायची. साधारण पाऊण तासात आपण अंबरनाथला पोचतो. स्टेशनपासून जवळच, वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे ते बहुतेकांना माहीत असतं.

हे मंदिर शिलाहार राजांच्या काळातलं. शिलाहारांची उत्तर कोकणातली राजधानी म्हणजे स्थानक, आपलं आजचं ठाणे. देवळातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे आणि मुम्मुणी राजाचं नाव आहे. बांधकाम काळ्या दगडाचं. शिखराची घडण भूमिज पद्धतीची, म्हणजे लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक ओळीने रचत नेलेल्या. शिखराचा वरचा भाग आज नाही. बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागाही कोरी सोडलेली दिसत नाही : देव, देवी, सुंदरी, हत्तींच्या रांगा, वेलबुट्टी. आत गेलं की सभामंडप लागतो आणि तिथून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. या पायऱ्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

एकाच वर्षातल्या तीन गोष्टी

१८३९ हे साल मुलांना फळ्यावर मोठं लिहून दाखवावं असं आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये दागेर यांची फोटो काढण्याची रीत जगाला खुली झाली. त्याच वर्षी जेम्स फर्ग्युसन नावाचा नीळ-व्यापारी अजिंठ्याची लेणी पाहायला आला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतले जॉन स्टीफन्स आणि इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड मध्य अमेरिकेत माया लोकांच्या जुन्या शहरांचे अवशेष पाहायला निघाले.

फर्ग्युसन आणि कॅथरवुड एकमेकांपासून हजारो मैल दूर होते, पण दोघांच्या पिशवीत एकच साधन होतं : कॅमेरा ल्युसिडा. नावात कॅमेरा असला तरी हा फोटोचा कॅमेरा नव्हे. दांडीवर बसवलेला हा एक छोटा काचेचा लोलक असतो. त्यातून पाहिलं की समोरची वास्तू खालच्या कागदावर पडल्यासारखी भासते आणि पेन्सिलीने तिच्या कडा गिरवता येतात. चित्र प्रमाणात येतं, पण गिरवणारा हात माणसाचाच. जे हाताला नीट कळलं नाही, ते चित्रातही नीट येत नाही.

म्हणून १८४१ च्या दुसऱ्या सफरीत स्टीफन्स आणि कॅथरवुड यांनी खरा कॅमेरा नेला. उश्मल नावाच्या माया शहरात त्यांनी वास्तूंचे फोटो काढून पाहिले. अडचण अशी आली की तिथल्या भिंतींवरचं कोरीवकाम खूप पुढे आलेलं आणि ऊन कडक. उन्हातला भाग नुसता पांढरा, सावलीतला भाग नुसता काळा. कॅथरवुड पुन्हा पेन्सिलीकडे वळला आणि कॅमेरा बरोबरच्या डॉ. कॅबट यांच्याकडे गेला.

अंबरनाथच्या भिंतीसमोर दुपारी बारा वाजता मोबाईल धरून पाहा. आजही थोडीफार हीच अडचण येते.

काच, रसायन आणि ऊन

दागेरच्या रीतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. चित्र अतिशय बारीक आणि सुंदर, पण एकच. त्याची दुसरी प्रत काढता येत नसे. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी वेगळी वाट शोधली. त्यांनी आधी कागदावर उलटं चित्र घेतलं, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. या उलट्या चित्राला आपण निगेटिव्ह म्हणतो. निगेटिव्हवरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येतात. जुन्या घरांतल्या कपाटात अजूनही निगेटिव्हच्या पट्ट्या सापडतात. मुलांना जरूर दाखवा.

१८५१ नंतर कागदाच्या जागी काच आली. त्या रीतीला ओल्या काचेची रीत म्हणू. ती अशी होती :

१. काच स्वच्छ पुसायची आणि तिच्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरायचा.
२. अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. आता ती उजेडाला संवेदनशील झाली.
३. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण उघडायचं आणि पुरेसा उजेड आत जाईपर्यंत थांबायचं.
४. लगेच परत तंबूत न्यायची, चित्र उठवायचं, धुवायचं, पक्कं करायचं.

हे सगळं काच वाळायच्या आत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. आपल्याकडच्या किंवा मेक्सिकोतल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी वेळ मिळे. म्हणून फोटो काढणारा माणूस प्रयोगशाळाच सोबत घेऊन हिंडे : तंबू, काचा, बाटल्या, स्वच्छ पाणी, आणि हे सगळं वाहणारी माणसं नाहीतर जनावरं.

आणखी एक गोष्ट. तेव्हा फोटो मोठा करण्याची सोय सहज नव्हती. निगेटिव्हची काच कागदावर थेट ठेवून उन्हात छापायची, त्यामुळे काच जेवढी तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच, आणि मोठ्या काचेला मोठा कॅमेरा. छापायचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने तयार केलेला असे. हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, “फोटोला अंड्याचा वास यायचा का?”

या काचेला निळा रंग फार उजळ दिसे, आणि तांबडा-हिरवा गडद. म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं आणि झाडं काळपट दिसतात. ढग नव्हते म्हणून नव्हे, काचेला ते वेगळे दिसलेच नाहीत म्हणून. फोटो खोटं बोलत नाही, असं आपण सहज म्हणतो. पण तो सगळं सांगतो असंही नाही. जे त्याला दिसतं, तेवढंच तो सांगतो.

मुंबईची तयारी

मुंबई या बाबतीत अजिबात मागे नव्हती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भारतातली अशी ही पहिली संस्था. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिचंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनाही फोटोग्राफीचा नाद होता आणि सोसायटीच्या कामात त्यांचा भाग होता. म्हणजे ही विद्या फक्त साहेबांची नव्हती. मराठी घरांतही ती त्याच दशकात पोचली होती.

त्याच सुमारास कंपनी सरकारला वाटू लागलं की जुन्या वास्तूंची चित्रं काढायला चित्रकार ठेवण्यापेक्षा फोटो स्वस्त पडेल आणि जास्त खात्रीचा होईल. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांना विजापूर आणि आसपासच्या वास्तूंचे फोटो काढायला पाठवलं. लष्कराने त्यांना परत बोलावल्यावर डॉ. पिगू यांनी ते काम पुढे नेलं. या फोटोंची पुस्तकं १८६६ मध्ये निघाली.

१८६८ : अंबरनाथला गेलेलं पथक

आता आपल्या देवळाकडे येऊ. १८६० च्या दशकाच्या शेवटी सरकारने ठरवलं की देशातल्या निवडक जुन्या वास्तूंच्या मोजून काढलेल्या आकृत्या, साचे आणि फोटो तयार करायचे. मुंबई इलाख्यात त्यासाठी अंबरनाथ निवडलं गेलं. १८६८ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरी यांच्या देखरेखीखाली तिथे पथक गेलं. ही कलाशाळा तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. पुढे १८७४ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात अंबरनाथच्या देवळावर आकृत्यांसह लेख आला.

इथे मुलांना एक प्रश्न विचारायचा. कॅमेरा होता ना, मग आकृत्या आणि साचे कशाला? याचं उत्तर तीन भागांत आहे.

*फोटो* वास्तूची त्या दिवशीची अवस्था सांगतो : कुठे झाड उगवलंय, कुठला दगड निखळलाय, कुठल्या मूर्तीचा हात तुटलाय. चित्रकार नकळत तुटका हात जोडून टाकतो. कॅमेरा तसं करत नाही.

*आकृती* मापं सांगते. फोटोत जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, उंच शिखर वर जाताना निमुळतं वाटतं. त्यावरून पट्टी लावून खरं माप काढणं सोपं नाही. आणि त्या पायऱ्या आठवतात? सभामंडपातून खाली गाभाऱ्यात जाणाऱ्या? बाहेरून कितीही फोटो काढा, गाभारा खाली आहे हे कळणार नाही. त्यासाठी देऊळ मधोमध कापल्यासारखी आकृती काढावी लागते. तिला छेद म्हणतात. पाव कापून आतलं दाखवावं तसं.

*साचा* खोली सांगतो. मूर्ती भिंतीतून किती पुढे आली आहे, दागिन्याची कड किती खोल कोरली आहे, हे सपाट कागदावर येत नाही. ओल्या कागदाचा किंवा प्लास्टरचा साचा घेतला की दगडाची हुबेहूब प्रत मिळते.

मेक्सिकोकडे पाहिलं तर तिथेही लोक याच निष्कर्षाला आले. देझिरे शार्ने या फ्रेंच माणसाने १८५७ नंतर ओल्या काचा घेऊन चिचेन इत्झा, उश्मल, पालेंके अशा ठिकाणी फोटो काढले. पुढे १८८१ पासून आल्फ्रेड मॉडस्ले हा इंग्रज संशोधक वर्षानुवर्षं तिथे जात राहिला. तोवर कोरड्या काचा बाजारात आल्या होत्या, त्यामुळे अंधाऱ्या तंबूची घाई संपली होती. तरी मॉडस्लेने नुसत्या फोटोंवर भागवलं नाही. सोबत साचे घेतले, आकृत्या काढून घेतल्या. माया लिपी तेव्हा कोणाला वाचता येत नव्हती. न कळणारी अक्षरंही त्याने जशीच्या तशी जपली, म्हणून पुढच्या पिढ्यांतल्या संशोधकांना ती वाचण्याच्या कामात उपयोगी पडली. ऊन-पावसाने मूळ दगडावरचं पुसट झालेलं काही कोरीवकाम आज त्या साच्यांमध्ये जास्त स्पष्ट दिसतं.

आपल्याला आज कळत नाही तेही नीट नोंदवून ठेवायचं, कारण ते कळणारा कोणीतरी उद्या येईल. मुलांना सांगण्यासारखी यापेक्षा मोठी गोष्ट मला तरी सुचत नाही.

एका आकड्याने सरकलेली दोनशे वर्षं

अंबरनाथच्या शिलालेखाची गोष्ट तर गणिताच्या तासालाही सांगता येईल. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचून प्रसिद्ध केला. त्यांनी साल वाचलं शके ७८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे इ.स. ८६०. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि साल ठरवलं शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. पहिला आकडा ७ की ९, एवढाच फरक. पण तेवढ्याने देऊळ एकदम दोनशे वर्षं पुढे सरकलं. मुम्मुणी राजा अकराव्या शतकातला, त्यामुळे दुसरं वाचन बरोबर बसतं.

यातली मला आवडणारी बाजू वेगळीच आहे. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. भाऊंसाठी त्यांनी गावोगाव हिंडून लेखांचे ठसे आणि नकला गोळा केल्या होत्या. ज्यांच्याकडे शिकले, त्यांचंच वाचन त्यांनी दुरुस्त केलं. यात अपमान कोणाचाच नाही. मूळ दगड जागेवर होता, म्हणून पुन्हा जाऊन पाहता आलं. दगड झिजून गेला असता तर? मग ज्याची नकल शिल्लक, त्याचंच खरं मानावं लागलं असतं.

तीन आगी

आता अजिंठ्याला जाऊ. फर्ग्युसनने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला आणि ती चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला काढा असा आग्रह धरला. त्यातून १८४४ मध्ये मद्रास लष्करातले रॉबर्ट गिल यांना अजिंठ्याला पाठवण्यात आलं. गिल आणि पारू यांची कहाणी आपल्याला चित्रपटामुळे माहीत आहे. गिल यांचं काम मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलरंगी नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या.

मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले एक, पुढे मोठे चित्रकार झाले. बारा-तेरा वर्षं हे काम चाललं. या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या.

तिसरी आग त्याआधीची, न्यूयॉर्कची. कॅथरवुडने तिथे प्रदर्शनगृह उभारलं होतं. १८४२ मध्ये ते जळालं आणि माया शहरांतून आणलेल्या वस्तू आणि चित्रं राख झाली. उश्मलला काढलेले ते पत्र्यावरचे फोटोही आज कुठे पाहायला मिळत नाहीत. पत्र्यावरचा फोटो, एकच प्रत. गेली ती गेली.

आता हे पाहा. गिल यांनी पुढे कॅमेराही हातात घेतला होता. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचे त्यांनी काढलेले ७४ फोटो आणि फर्ग्युसनचा मजकूर असं पुस्तक १८६४ मध्ये लंडनला निघालं. त्या काळी पुस्तकात फोटो छापता येत नसत, तर प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवत. पुस्तकाच्या प्रती ग्रंथालयांत आणि लोकांच्या घरी गेल्या. त्यामुळे १८६६ च्या आगीत वर्षांची मेहनत असलेल्या नकला गेल्या, पण फोटो राहिले. ते नकलांपेक्षा चांगले होते असं नाही. त्यांत रंग नव्हता, आणि अंधाऱ्या लेण्यांच्या आत काचेला फारसं दिसतही नव्हतं. ते राहिले, कारण ते एकाच ठिकाणी नव्हते.

ग्रिफिथ्स यांच्याही बाबतीत तेच. उरलेल्या साहित्यावरून १८९६ मध्ये दोन खंडांचं मोठं पुस्तक निघालं आणि त्यामुळे ते काम आज आपल्यापर्यंत पोचलं.

याला एक कडू बाजूही आहे. भित्तिचित्रांचे रंग नीट दिसावेत म्हणून नकला करताना मूळ चित्रांवर व्हार्निश लावलं गेलं. पुढे ते पिवळं, काळपट पडलं आणि मूळ चित्रं झाकली गेली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची सफाई आणि डागडुजी करून घेतली. जपायला गेलेल्या हातांनीच इजा केली. म्हणून मुलांना घेऊन देवळात जाल तेव्हा शिलालेखावर खडू फिरवायचा नाही, पाणी ओतायचं नाही, कोरीवकामावर तेल लावायचं नाही. अक्षरं वाचायची असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरपं ऊन असताना पाहायची. सावलीने ती आपोआप उठून दिसतात.

फोटोत उभी असलेली माणसं

जुन्या वास्तूंच्या फोटोत अनेकदा खांबाशेजारी एखादा माणूस उभा असतो. कधी पगडी-धोतरातला, कधी टोपीवाला. तो तिथे मोजपट्टी म्हणून उभा केलेला असतो. माणसाची उंची आपल्याला साधारण माहीत असते, त्यावरून खांबाची उंची कळते. पण फोटोखाली नाव असतं वास्तूचं आणि फोटो काढणाऱ्याचं. त्या माणसाचं नसतं. काचांच्या पेट्या वाहणारे, तंबू ठोकणारे, पाणी आणणारे, साचे काढणारे, यांचीही नावं फार थोड्या वेळा सापडतात. माया शहरांच्या फोटोंतही अगदी हेच दिसतं : ज्यांच्या पूर्वजांनी ती शहरं बांधली, तीच माणसं फोटोत उभी आहेत आणि त्यांचं नाव नाही.

मुलांना असा फोटो दाखवून विचारा, “हा कोण असेल?” उत्तर कल्पनेने द्यायचं असलं तरी प्रश्न पडणं महत्त्वाचं आहे.

वर्गात आणि घरी काय करता येईल

१. *नोंदपट्टी* : प्रत्येक मुलाने एक फोटो काढायचा आणि त्याखाली सहा गोष्टी लिहायच्या. काय आहे, कुठे आहे, तारीख आणि वेळ, कोणी काढला, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, आणि फोटोत असलेल्या माणसांची नावं. फोटोत शेजारी एक फूटपट्टी ठेवायची.

२. *तीन साधनं, एक वस्तू* : एक नाणं घ्या. त्याचा फोटो काढा. मग कागद वर ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. मग शाडूच्या मातीत दाबून साचा घ्या. शेवटी व्यास मोजून आकृती काढा. कोणत्या साधनाने काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, याचा तक्ता मुलंच करतील.

३. *वर्गाचा नकाशा* : चौकटीच्या वहीत वर्गखोलीचा नकाशा काढायचा. मग दारातून काढलेल्या वर्गाच्या फोटोशी तुलना करायची. दारामागचं कपाट फोटोत आलं का?

४. *उन्हाचं चित्र* : गडद रंगाचा स्वस्तातला क्राफ्ट पेपर घ्या, त्यावर पान किंवा किल्ली ठेवा आणि काही दिवस कडक उन्हात राहू द्या. उघडा भाग फिका पडतो, झाकलेला तसाच राहतो. उजेड चित्र काढतो म्हणजे काय, हे मुलांना हाताने कळतं.

५. *तीच जागा, पुन्हा* : शाळेचा किंवा परिसराचा एखादा जुना फोटो मिळवा. तो जिथून काढला असेल ती जागा शोधा आणि तिथूनच नवा फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवून दहा फरक शोधा.

आपल्या दारातलं काम

आपल्या वर्तकनगरमध्ये जुन्या म्हाडा वसाहतीच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. त्यात वाईट काही नाही, घरं मोठी हवीत. पण ज्या जिन्यावर आपण बसायचो, ज्या गॅलरीत आजीचे पापड वाळत होते, ते एकदा पाडलं की संपलं. अंबरनाथला हजार वर्षांचा दगड तरी आहे. इथे तेही उरणार नाही.

पालकांनो, हे काम मुलांवर सोपवा. इमारत रिकामी होण्याआधी चार बाजूंनी चार फोटो, जिन्याचा एक, घराच्या आतला एक. घराचा नकाशा मुलांनी पट्टीने मोजून काढायचा. आजी-आजोबांकडून ऐकून दोन-चार ओळी लिहायच्या : इथे राहायला कधी आलो, शेजारी कोण होतं, पाणी किती वाजता यायचं. सगळ्या फोटोंवर तारीख आणि नावं. आणि हे एकाच मोबाईलमध्ये ठेवायचं नाही. मोबाईल हरवतो, बिघडतो, पाण्यात पडतो. एक प्रत मामाकडे, एक आत्याकडे, आणि चांगले दोन-तीन फोटो छापून घेऊन मागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवायची.

घरातल्या जुन्या अल्बमचंही तेच. आज आजीला विचारलं तर ती प्रत्येक चेहऱ्याचं नाव सांगेल. येत्या रविवारी अल्बम काढा, मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि आजीच्या शेजारी बसवा.

तुमच्या मुलांनी, विद्यार्थ्यांनी अशी काही नोंद केली तर मला जरूर कळवा.